वजा पाच

महिपतराव साळवींचं म्हणणं एवढंच होतं, की गुणांना काही किंमत नसते. हे दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मीरा रोडच्या नवशांती सोसायटीने ऐकून सोडून दिलं असतं. पण चौतीस वर्षं परीक्षा मंडळात गुणपडताळणीच्या टेबलावर बसलेला, अर्ध्या गुणासाठी रडकुंडीला आलेल्या आईबापांना 'नियमात बसत नाही' म्हणून वाटेला लावलेला माणूस असं बोलायला लागला, तेव्हा त्यांच्या पत्नी शालूताईंनी आधी त्यांचं ब्लडप्रेशर तपासून आणलं. ते व्यवस्थित निघालं, म्हणून त्यांना जास्तच काळजी वाटली.

दोष होता त्यांच्या मुलीचा, मनालीचा. ती इंग्लंडात लीड्सला नोकरी करते. बाबा दिवसभर बातम्या लावून त्या टीव्हीवर ओरडतात, हे आईकडून ऐकून तिने त्यांना तिकडचे विनोदी कार्यक्रम बघायला लावले. आता हे कार्यक्रम म्हणजे काय, तर मध्ये एक सूत्रसंचालक, हातात पत्ते. दोन्ही बाजूंना दोन-दोन, तीन-तीन माणसं, चांगली सुटाबुटातली, शिकलेली. त्यांना प्रश्न विचारतात, पण उत्तराची घाई कोणालाच नाही. विचारलं एखाद्या देशाची राजधानी, तर हा गडी दहा मिनिटं आपल्या आत्याच्या कोंबडीबद्दल बोलतो. सूत्रसंचालक त्याला सगळ्यांदेखत टकल्या म्हणतो, तो उलट याच्या नाकावर घसरतो, आणि दोघंही हसतात. मनाला येईल तेव्हा गुण देतात, मनाला येईल तेव्हा कापतात. शेवटी बेरीज वाचून दाखवतात, ती कुठून आली ते देवालाही माहीत नाही. जिंकला त्याला बक्षीस नाही, हरला त्याला सुतक नाही.

पहिला भाग महिपतरावांनी कागद-पेन्सिल घेऊन बघितला. बेरीज चारने चुकली. त्यांनी मनालीला फोन करून तक्रार कुठे करायची त्याचा पत्ता मागितला. ती म्हणाली, "बाबा, ती चुकीचीच असते. तीच तर गंमत आहे." ही गंमत महिपतरावांना कळायला पंधरा दिवस लागले. सोळाव्या दिवशी एका माणसाचे, तो 'फार आनंदी दिसतो' म्हणून चार गुण कापले, आणि महिपतराव असे हसले की शालूताई पोळी तव्यावर टाकून बाहेर आल्या. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती, हा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. त्या दिवसापासून महिपतरावांनी पेन्सिल टाकली. जन्मभर ज्या आकड्यांनी मान वाकवली, ते आकडे असे उधळताना बघून त्यांना तुरुंगातून सुटल्यासारखं वाटायचं. बघायला सोबत समोरच्या दारातला गुणवंत म्हात्रे. गोदीतून निवृत्त झालेला, मूळचा रायगडचा, अबोल माणूस. बावीस वर्षांचा शेजार. इंग्रजी बोलणं त्याला अर्धं कळायचं, पण महिपत हसला की तोही हसायचा.

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण आपल्याला जे आवडलं ते चार जणांच्या गळ्यात बांधल्याशिवाय मध्यमवर्गीय माणसाला चैन पडत नाही. सोसायटीची वार्षिक पूजा तोंडावर आली होती. संध्याकाळच्या कार्यक्रमात दरवर्षी तेच, मुलांचे नाच आणि हाऊजी. महिपतराव कमिटीत जाऊन म्हणाले, यंदा ब्रिटिश पद्धतीचा कार्यक्रम करू. ए विंगविरुद्ध बी विंग. सूत्रसंचालक मी.

अध्यक्ष ईश्वरभाईंचं स्टेशनजवळ भांड्यांचं दुकान. ते म्हणाले, "साळवीभाई, बहोत अच्छा. प्राइज क्या रखेंगे?"

"प्राइज नाही. तेच तर वैशिष्ट्य आहे."

"बिना प्राइज आदमी बैठेगा किसलिए? मैं स्टील के डब्बे देता हूँ. छह-छह का सेट."

महिपतरावांनी परोपरीने सांगितलं, की बक्षीस आलं की गुण मोजावे लागतात, आणि गुण मोजले की कार्यक्रम मेला. ईश्वरभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि डब्यांवर सोसायटीचं नाव टाकायचं की दुकानाचं, तेवढं विचारलं. सेक्रेटरी नीलम भाटियांनी नियमावली लेखी मागितली. ती महिपतरावांनी एका ओळीत लिहून दिली, 'सूत्रसंचालक म्हणेल तसं.' ती परत आली. शेरा होता, 'कृपया सविस्तर.'

सल्ल्यांना तर ऊत आला. तळमजल्यावरच्या सुलूताई म्हणाल्या, मध्ये दोन गाणी घाला, माणसं तेवढ्यासाठी तरी बसतील. बी विंगमधल्या एकाने सुचवलं, प्रश्न स्पर्धा परीक्षेचे ठेवा, मुलांचा फायदा होईल. बझर म्हणून दारावरच्या दोन बेल आणल्या होत्या. त्यातली एक आरतीची चाल वाजवायची, आणि ती वाजली की पुढच्या रांगेतल्या दोन आज्या हात जोडायच्या. लाऊडस्पीकरच्या परवानगीच्या खिडकीवर वेगळीच तऱ्हा. फॉर्मवर प्रकार होते भजन, लग्न, वाढदिवस, सभा. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "वादविवाद आहे का?" महिपतराव म्हणाले, वाद खरा नसतो. "मग स्पर्धा?" गुण देतात, पण मोजत नाहीत. "एकमेकांना नावं ठेवणार, पण राग नाही येणार?" हो. त्या माणसाने पेन खाली ठेवलं. "साहेब, असं माझ्या घरातसुद्धा होत नाही. मी 'इतर' लिहितो. 'इतर'ला दोन फेऱ्या जास्त माराव्या लागतील." महिपतरावांनी चार मारल्या आणि प्रत्येक फेरीनंतर घरी येऊन देशाच्या विनोदबुद्धीवर शालूताईंना व्याख्यान दिलं.

संघ ठरले. ए विंगच्या कप्तान मृणालिनीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. बी विंगचा कप्तान गुणवंत. साळवी आणि म्हात्रे दोघंही बी विंगचे, पण सूत्रसंचालकाला विंग नसते, हे महिपतरावांनी नोटीस बोर्डावर लावूनच टाकलं. गुणवंत तयारच नव्हता. "अरे, मला कुठे बोलता येतं," म्हणाला. शिवाय त्या संध्याकाळी त्याच्या मुलीचे, सान्वीचे होणारे सासरे, काशीगावचे घरत, सोसायटी बघायला येणार होते. साखरपुडा महिन्यावर आला होता. महिपतराव म्हणाले, उलट चांगलं, बघू देत व्याही किती हजरजबाबी आहे. तसं बघितलं तर सान्वी वाढली अर्धी साळवींच्याच घरात, तेव्हा घरतांपुढे छाप पाडण्याची घाई महिपतरावांनाही होतीच. गुणवंत मित्राला नाही म्हणू शकला नाही. त्याने आयुष्यभर महिपतला नाही म्हटलंच नव्हतं.

कार्यक्रम चांगला सुरू झाला, हे कबूल करायला हवं. महिपतरावांनी ईश्वरभाईंना 'कुकरची शिट्टी' म्हणून दोन गुण दिले, ते ईश्वरभाईंना फार आवडलं. मृणालिनीबाईंनी अचूक उत्तर दिलं म्हणून त्यांचे तीन कापले. त्यांनी चष्मा काढून महिपतरावांकडे असं बघितलं की महिपतरावांनी चार परत दिले. लोक हसत होते. महिपतरावांना वाटलं, जमलं, मीरा रोडला आणलंच हे आपण.

मग आली शेवटची फेरी, 'खरं की थाप'. खेळाडूने आपल्या आयुष्यातला एक प्रसंग सांगायचा. तो खरा की खोटा, ते त्याने आधीच चिठ्ठीवर लिहून, घडी घालून सूत्रसंचालकाकडे द्यायचं. समोरच्या संघाने ओळखायचं. चिठ्ठी उघडायची सगळ्यांसमोर.

गुणवंत उभा राहिला. माइक दोन्ही हातांत धरला आणि खाली बघत बोलायला लागला. "एकोणीस वर्षं झाली. माझा एक मित्र होता. मोरव्याच्या पुढे मिठागराच्या बांधाजवळ एक बाई निवट्या, ते चिखलातले मासे, विकत होती. जिवंत, टोपलीत उड्या मारत होत्या. मित्र म्हणाला, एवढे पैसे कशाला, मीच पकडतो."

महिपतरावांच्या हातातले पत्ते ओले झाले. कारण तो मित्र तेच होते. एकोणीस वर्षांत गुणवंतने ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती, स्वतःच्या बायकोलासुद्धा. आज बोलायला काही सुचेना, तेव्हा त्याला त्याच्याकडची एकच गमतीची गोष्ट आठवली असणार. नाव त्याने घेतलं नाही, घेणारही नव्हता. पण महिपतरावांना वाटलं की सगळी नवशांती आपल्या पायांकडे बघतेय.

मित्र भरती-ओहोटी न बघता खाडीच्या चिखलात उतरला, कमरेपर्यंत रुतला, गुणवंतने बांबू टाकून त्याला ओढून काढला. "तो आला, पण पॅन्ट तिथेच राहिली. मी माझा शर्ट काढून त्याच्या कमरेला बांधला. मग भाईंदरहून शेअर रिक्षाने आलो. तो मधे बसला होता आणि बाजूच्या बाईंना सांगत होता, की आमच्याकडे अशीच लुंगी नेसतात."

संपूर्ण कार्यक्रमात एवढा हशा पिकला नव्हता. नीलम भाटिया डोळे पुसत होत्या. सान्वी हसून हसून होणाऱ्या सासऱ्यांकडे अभिमानाने बघत होती. घरत मात्र हसले नाहीत. ते पहिल्या रांगेतून म्हणाले, "चिखलात चप्पल रवते, पॅन्ट न्हाय. आमचा जन्म खाडीत गेला हाय." झालं. मृणालिनीबाईंनी तज्ज्ञाचं मत ऐकून लगेच बेल वाजवली. आरती वाजली. "थाप," त्या म्हणाल्या.

महिपतरावांनी चिठ्ठी उघडली. आत गुणवंतच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'खरं'. ते खरं म्हणाले असते तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, कोण हो तो मित्र? आणि गुणवंतला मित्र होते किती, तर एक. महिपतरावांनी चिठ्ठीची घडी घातली आणि कुर्त्याच्या खिशात टाकली. "थाप," ते म्हणाले. "आणि इतकी मोठी थाप मारल्याबद्दल बी विंगला वजा पाच गुण."

टाळ्या पडल्या. ए विंग एकवीस, बी विंग अठरा. ईश्वरभाईंनी डबे वाटले. गुणवंतने माइक टेबलावर ठेवला, महिपतरावांकडे एकदा बघितलं, आणि चपला घालून वर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वादळ. बी विंगचं म्हणणं, पाच गुण कापले नसते तर तेवीस होऊन डबे आपल्याला मिळाले असते. त्यांनी रीतसर गुणपडताळणीचा अर्ज दिला. महिपतरावांचं डोकंच फिरलं. त्यांनी दोन पानी नोटीस लिहून बोर्डावर लावली. त्यात ब्रिटिश विनोदाची परंपरा होती, खिलाडूवृत्ती होती, आणि शेवटी लाल शाईत 'गुणांना किंमत नसते' असं होतं. संध्याकाळपर्यंत खाली कोणीतरी लिहिलं, 'मग डबे परत द्या.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'डबे वापरायला काढले आहेत. — ए विंग.'

पण डब्यांचं सोडा. गुणवंत बोलेना. जिन्यात समोर आला की वाकून चपलेचा पट्टा नीट करायचा, आणि त्याच्या चपलेला पट्टा नव्हता. भांडला असता तर महिपतरावांकडे उत्तरं तयार होती. न भांडणाऱ्या माणसाला काय उत्तर देणार? ते घरात येरझाऱ्या घालत स्वतःशीच भांडायचे. "खेळ आहे हा. तिकडे बघा, तोंडावर खोटारडा म्हणतात, आणि मग खांद्यावर हात टाकून जातात."

"तिकडे जाऊ देत," शालूताई म्हणाल्या. "ती राखाडी पॅन्ट माझ्या भावाने दिलेली. तुम्ही मला सांगितलंत, धोब्याने हरवली. मी त्या बिचाऱ्या धोब्याशी सहा महिने बोलले नव्हते. खरं काय ते परवा कळलं मला, माइकवरून."

हिला कळलं म्हणजे आपला चेहरा सगळ्यांनी वाचला की काय, या विचाराने महिपतरावांना नव्याने घाम फुटला. पण शालूताईंची खरी बातमी पुढेच होती. काशीगावहून निरोप आला होता. घरतांचं म्हणणं, जो माणूस चारशे लोकांसमोर थापा मारतो आणि पंचसुद्धा त्याला थापाड्या ठरवतो, त्याने मुलीबद्दल आणि घराबद्दल जे सांगितलं ते तरी खरं कशावरून? साखरपुड्याचा हॉल त्यांनी अजून सांगितला नव्हता. "सान्वी दोन दिवस जेवली नाही," शालूताई म्हणाल्या. "आणि तुम्ही इंग्लंडचं काय सांगताय मला?"

महिपतरावांनी यावरही संताप करून बघितला. घरतांना विनोद कळत नाही म्हणाले, मृणालिनीबाईंनी बेल वाजवायची घाई केली म्हणाले, गुणवंतला दुसरी गोष्ट सुचू नये का म्हणाले. सगळ्यांचे गुण कापून झाले, तरी बेरीज काही जमेना. कपाटात कुर्ता तसाच टांगलेला होता आणि त्याच्या खिशात ती चिठ्ठी होती. तो धुवायला टाकायला ते तयार नव्हते.

एकोणिसाव्या दिवशी विशेष सभा भरली. विषय एकच, गुणपडताळणी. घरतही आले होते, मागच्या खुर्चीवर हात बांधून बसले होते. शालूताई थोडा वेळ बसून, गॅसवर डाळ आहे सांगून वर गेल्या. जाताना नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

महिपतरावांनी परंपरेपासून सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला ईश्वरभाई म्हणाले, "साळवीभाई, इंग्लंड बाद में. चिठ्ठी किधर है?" मृणालिनीबाईही म्हणाल्या, चिठ्ठी दाखवा, आमचे डबे धुतल्या तांदळासारखे आहेत. सगळीकडून एकच ओरडा सुरू झाला, चिठ्ठी, चिठ्ठी. नीलम भाटियांनी टेबलावर पट्टी आपटली आणि गुणवंतकडे वळल्या. "म्हात्रेजी, सीधी बात. वो दोस्त कौन था? नाम बोल दो, मामला खतम."

सगळे वळून बघायला लागले. घरतही पुढे झुकले. गुणवंत उभा राहिला. त्याच्या शेजारी सान्वी होती, तिने त्याचा हात धरला होता. एक नाव घेतलं असतं तर त्याची अब्रू जागेवर आली असती, मुलीचं लग्न मार्गी लागलं असतं. त्याने महिपतरावांकडे बघितलंसुद्धा नाही.

"नाव नाही सांगणार," तो म्हणाला. "थाप लिहा."

आणि खाली बसला.

चौतीस वर्षांत महिपतरावांनी हजारो अर्ज फेटाळले होते. हा एक त्यांना फेटाळता आला नाही; ते उठले. त्या दिवशीचाच कुर्ता अंगात होता, त्याच्या खिशातून त्यांनी चिठ्ठी काढली आणि नीलम भाटियांच्या समोर ठेवली. "खरं लिहिलंय," ते म्हणाले. "मी खोटं वाचलं. तो मित्र मी. पॅन्ट माझी."

मग मागून घरत म्हणाले, "साळवीसाहेब, दोस्ताला वाचवाला बोलताव, ते बरा हाय. पन चिखल पॅन्ट न्हाय खेचत. आमाला नका शिकवू."

हे मात्र महिपतरावांना सहन झालं नाही. माणूस सगळी लाज सोडून खरं बोलतोय, आणि त्यालाही थाप म्हणायचं म्हणजे काय? "चिखलाने कुठे खेचली?" ते कडाडले. "गुणवंतने तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली, माझी लाज राखायला. पिशवी नेली नव्हती मी. चार निवट्या पकडल्या त्या पॅन्टच्या खिशात टाकल्या होत्या. जिवंत. उजवा खिसा फाटका होता. कमरेएवढ्या चिखलात उभं राहून, आत दोन निवट्या फिरताना, तुम्ही काय केलं असतं? पट्टा मी सोडला. पॅन्ट मी काढली. स्वतःच्या हाताने. लिहा नीलमजी, हे पण लिहा."

आधी हसले ते घरत. ते हसताना मागच्या मागे खुर्चीसकट भिंतीला टेकले. "आता बराबर," त्यांच्याने बोलवेना, "आता बराबर हाय. निवटी शिरली तं मंग कोन पॅन्ट ठेवल." मग सगळी सभा कोसळली. ईश्वरभाई टेबलावर डोकं ठेवून हलत होते. मृणालिनीबाई पदर तोंडात घालून मुख्याध्यापिकेला न शोभेल असा आवाज काढत होत्या. महिपतराव सगळ्यांच्या मध्ये लालबुंद होऊन उभे होते आणि, यात हसण्यासारखं काय आहे, असं एकेकाला विचारत होते. ज्याला विचारतील त्याचं हसू आणखी वाढत होतं. जाताना घरतांनी गुणवंतच्या पाठीवर थाप मारली आणि हॉल काशीगावातच घेऊ म्हणाले. सान्वी रडत होती आणि हसत होती.

लिफ्ट बंद होती. दोघं जिना चढायला लागले.

"एकोणीस दिवस," महिपतराव म्हणाले. "एक शब्द बोलला नाहीस तू."

"एकोणीस वर्षं नाही बोललो, त्याला एकोणीस दिवस काय जड."

दुसऱ्या मजल्यावर महिपतरावांनी विषय बदलला. "तुझे पाच गुण मी परत दिलेत. सभेत नोंदवून घेतलं."

"ठेव तुझ्याकडे. किंमत नसते म्हणालास ना."

"नसते. पण म्हणून हक्काचे सोडायचे?"

"मला नको."

"नको म्हणजे? पडताळणीत निघालेले गुण नाकारता येत नाहीत. नियम आहे."

"कुठला नियम? सूत्रसंचालक म्हणेल तसं, हे कोणी लिहिलेलं?"

"ते ब्रिटिश पद्धतीत. हे आपल्या मंडळाचं सांगतोय."

चौथ्या मजल्यावर, दाराच्या आत, शालूताईंनी जिन्यातून वर येणारे दोन चढे आवाज ऐकले. त्यांनी डाळीचा गॅस बंद केला, आणि चहाचं आधण ठेवताना पातेल्यात एक कप पाणी जास्त घातलं.